इंजिनावरची सीट

मला मतं आहेत. ज्यांना मतं नसतात त्यांचा मला राग येतो, आणि ज्यांची मतं माझ्यापेक्षा वेगळी असतात त्यांचा त्याहून जास्त येतो. हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारा गोड बोलून घरात शिरला.

पहिलं मत टीव्हीबद्दल. टीव्हीला पूर्वी झोपायची वेळ होती. बातम्या एकच बाई सांगायची, शेवटी पाऊस पडेल की नाही ते सांगून गप्प बसायची, आणि ऐकणाऱ्यानं काय समजायचं ते समजून घ्यायचं. आता आठ चौकटींत आठ जण एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि नववा मधे बसून त्यांना चिथावतो. मी उभा जन्म टीव्ही दुरुस्त केले. पिक्चर ट्यूबचे, पाठीला कुबड असलेले, उचलायला दोन माणसं लागणारे. त्यांच्यात काय बिघडलंय ते मागचं झाकण काढल्यावर कळायचं. आताच्या टीव्हीत काय बिघडलंय ते समोरूनच दिसतं, आणि ते मेकॅनिकच्या हातातलं नाही.

दुसरं मत बसबद्दल. बसला आवाज हवा. ते का, हे पुढे येईलच.

तिसरं राजकारणाबद्दल. ते मात्र सांगत नाही, कारण आमच्या घरात राजकारणाला बंदी आहे. बंदी माझ्या सुनेनं घातली, आणि ती घालावी लागली ती माझ्या आणि तिच्या वडिलांच्या पायी.

सुनेचे वडील, म्हणजे माझे व्याही, बस चालवायचे. नोकरी लागली त्या दिवसापासून सुटली त्या दिवसापर्यंत एकच रस्ता, गोल गाडीचा. ही गाडी आमच्या घरासमोरच्या स्टॉपवरून निघते, दवाखाना, कोर्ट, मैदान, मोठा पूल असं करत शहराला वळसा घालते आणि पुन्हा आमच्याच दारात येते. माझी बायको आधी गेली, त्यांची नंतर. मी मुलाकडे राहतो. ते जुन्या डेपोच्या मागे दोन खोल्यांत एकटे राहतात आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येतात. माणूस सज्जन. पान पुसून जेवतो, सुनेनं काही वाढलं की "पुरे" म्हणतो आणि ताट पुढे करतो. खोट एवढीच की मत माझ्या विरुद्ध. पक्षांची नावं आम्ही कधी घेतली नाहीत. माझ्या बाजूचे ते "आमचे", त्यांच्या बाजूचे ते "तुमचे". ते बोलायचे तेव्हा अर्थातच उलट.

एका निवडणुकीचा निकाल रविवारीच लागला. तुमचे निवडून आले. म्हणजे त्यांचे. व्याह्यांनी टीव्हीसमोर बसून माझ्या मांडीवर थाप मारली. मांडीवर! मी म्हटलं, "जन्मभर एकाच रस्त्यावर गोल फिरलात, तुम्हाला दुसरी दिशा दिसणार कुठून?" ते म्हणाले, "असल्या डोक्यामुळेच तुमच्या दुकानाला कुलूप लागलं." मग मी काय बोललो ते लिहीत नाही. शेजाऱ्यांनी भिंतीवर ठोकलं एवढं सांगतो.

सून टेलिफोन कंपनीत तक्रारी घेते. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांच्या शिव्या खायच्या आणि वर "आपली गैरसोय झाली, क्षमस्व" म्हणायचं, हे तिचं काम. ती स्वयंपाकघरातून आली आणि तिनं टीव्हीचा प्लग ओढला.

"बाबा, अण्णा, दोघांनी ऐका. आठवडाभर मी पगार घेऊन कटकट ऐकते. रविवारी फुकटात ऐकणार नाही. यापुढे या घरात राजकारण निघालं तर अण्णांचं जेवण डब्यातून जाईल. इथे यायचं कारण नाही."

तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. त्यामुळेच आम्ही दोघं गार पडलो.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या खोलीतल्या जुन्या टीव्हीचं झाकण काढलं आणि स्पीकरची एक तार सोडवून ठेवली. चित्र राहिलं, आवाज गेला. सुनेनं बघितलं आणि म्हणाली, "हे बेस्ट." तेव्हापासून आम्ही दोघं रविवारी जेवणानंतर मुका टीव्ही बघतो. तुम्हाला म्हणून सांगतो, राजकारणी माणूस ओळखायचा तर त्याचा आवाज काढून बघावा. कोण खोटं बोलतंय ते मानेवरून कळतं.

पण बघून तोंड बंद ठेवायचं म्हणजे जिवावर येतं. बागेत जाऊन बघितलं, तर बाकावरचे लोक आमच्या भांडणात घुसले आणि एकानं व्याह्यांची कॉलर धरली. चहाच्या टपरीवर तेच. शेवटी तोड काढली व्याह्यांनीच. "चला व्याही, एक चक्कर मारू," म्हणाले, आणि मला गोल गाडीच्या सगळ्यात मागच्या सीटवर नेऊन बसवलं. त्या गाड्यांचं इंजिन मागे असायचं, बरोबर त्या सीटखाली. बसल्या बसल्या दात वाजायचे, बूड शेकायचं आणि शेजारच्या माणसाच्या कानात ओरडल्याशिवाय एक अक्षर पोचायचं नाही. त्यामुळे तिथे कुणी बसत नसे. आमच्यासाठी मात्र ती जागा जणू मोजमाप घेऊन केलेली. आम्ही एकमेकांचा उद्धार करत शहराला वळसा घालायचो आणि दोन सीट पुढच्या माणसाला पत्ता लागायचा नाही.

नियम एकच होता. आपल्या स्टॉपवर पायरी उतरली की विषय संपला. घरात पाऊल टाकताना आम्ही हवापाण्याबद्दल बोलत असू. सून चहा टाकायची आणि म्हणायची, "काय, आलात फिरून?" आम्ही म्हणायचो, "आलो." कितीतरी वर्षं हे असं चाललं.

एक गोष्ट सांगायची राहिली. मोठ्या पुलाचा चढ लागला की ते इंजिन असं काही बोंबलायचं की ओरडूनही उपयोग नसे. तेवढा वेळ मी खिडकीबाहेर बघायचो. व्याह्यांचा उजवा पाय मात्र आपोआप खाली दाबला जायचा, गाडी स्वतःच चालवत असल्यासारखा, आणि समोर बघत त्यांचे ओठ हलायचे. मला शिव्या देत असणार असं मी धरून चाललो होतो. मी हात हलवायचो, "द्या, द्या." उतार लागला, आवाज खाली आला की आम्ही पुन्हा जिथं सोडलं तिथून धरायचो.

त्यांचा थोरला मुलगा दूरच्या शहरात असतो. मोठं घर, मागे बाग. तो त्यांना कधीपासून बोलावत होता. सुनेचंही तेच मत. "अण्णांनी जावं दादाकडे. परवा पातेलं गॅसवर विसरले. उद्या काही झालं तर कळणार कोणाला?" तिचं चुकत नव्हतं. मुलगी म्हणून तिला वाटणार. पण थोरल्याचा फोन आला की व्याही दर वेळी एकच उत्तर द्यायचे. "अरे, रविवारी मला काम असतं." आणि माझ्याकडे बघून डोळा मारायचे.

मग नव्या गाड्या आल्या.

आणल्या त्यांच्यांनीच. फुगे लावले, फीत कापली, मुक्या टीव्हीवर आम्ही ते बघितलं. त्या रविवारी आम्ही स्टॉपवर उभे होतो आणि गाडी आली हे मला तिचं दार उघडल्यावर कळलं. मांजर यावं तशी आली. व्याही आधी मागे गेले आणि वाकून बघू लागले.

"इंजिन कुठाय हिचं?"

"बॅटरी आहे, काका," ड्रायव्हर म्हणाला. तरुण माणूस, डोळे तारवटलेले. "चढा लवकर, वेळ होतोय."

आम्ही सवयीनं शेवटच्या सीटवर गेलो. सीट थंडगार. गाडी निघाली, आणि मी सवयीनंच व्याह्यांच्या कानाशी तोंड नेऊन, जितकं लागतं तितक्या आवाजात म्हणालो, "तुमचा तो मंत्री गाढव आहे गाढव!"

सगळी गाडी वळली. कुंडी मांडीवर घेऊन बसलेली एक बाई वळली, कानात बोंडं घातलेली पोरं वळली, पुढच्या आडव्या सीटवरचं झोपलेलं मूल जागं झालं. व्याह्यांनी ते बघितलंच नाही. त्यांचं उत्तर तोंडातून निघूनही गेलं होतं. "गाढव असेल, पण तुमच्यासारखा लाथा तर मारत नाही ना!"

अर्धी गाडी हसली. उरलेल्या अर्ध्यातला एक जाडजूड माणूस उठून उभा राहिला. "ओ काका, गाढव कुणाला म्हणालात?" दुसरा म्हणाला, "बरोबरच बोलले ते." तिसरा म्हणाला, "तुला कुणी विचारलं?" पुलापर्यंत पोचलो तोवर कुंडीवाल्या बाईसकट सगळे भांडत होते. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, मागे आला आणि हात जोडले.

"काका, तुम्ही दोघं उतरा. मला तक्रार नकोय माझ्यावर."

आयुष्यभर ज्या माणसानं ती गाडी चालवली त्याला त्याच गाडीतून भर रस्त्यात उतरवलं.  व्याही दांडीला धरून सावकाश उतरले आणि आम्ही घरापर्यंत चालत आलो. सुनेनं विचारलं, "एवढा उशीर?" व्याही म्हणाले, "गाडी बंद पडली." सून म्हणाली, "नवी गाडी?" आम्ही दोघांनी पंख्याकडे बघितलं.

पुढच्या रविवारी आम्ही कुजबुजून बघितलं. माझं मत विचाराल तर कुजबुजून कट करता येतो, राजकारण करता येत नाही. "तुमच्यांनी कराचं जे केलंय ते..." असं मी हळूच म्हणायचो, आणि व्याही कान पुढे करून म्हणायचे, "ऑं?" त्यांचे कान इंजिनापायी कधीच कामातून गेलेत, आणि मला ओरडण्याशिवाय दुसरी रीत येत नाही. कोर्ट येईपर्यंत आम्ही दमलो. मैदानानंतर गप्पच झालो. दोन म्हातारे मांडीवर हात ठेवून, बाहेर दुकानाच्या पाट्या वाचत, शहराभोवती उगाच फिरून आले. अंत्ययात्रेला गेल्यासारखं वाटलं मला.

पायरी उतरल्यावर व्याही म्हणाले, "थोरल्याचा फोन आला होता."

"मग?"

"विचार करतोय. पुढच्या रविवारी संध्याकाळी सांगतो म्हटलंय त्याला. इथे तरी आता काय आहे? बसून बसून कंटाळा येतो."

"जा की," मी म्हणालो. "बाग आहे म्हणता. झाडांना पाणी घाला."

"हो, तेच."

तोंडानं जा की म्हणालो खरा. पण खोटं कशाला सांगू? ते जायला मला नको होते. मुलगा चांगला आहे माझा, सून तर लाखात एक. पण दोघं माझ्याशी बोलतात ते आजाऱ्याशी बोलावं तसं. "हो बाबा, बरोबर आहे बाबा." मला तोंडावर गाढव म्हणणारा माणूस जगात एकच उरला होता, आणि तो झाडांना पाणी घालायला निघाला होता.

तो आठवडा मी मुक्या टीव्हीसमोर बसून काढला. व्याह्यांना पेटवील असा मुद्दा शोधत होतो. एखादा असा की ते "थोरल्याला सांगतो, नंतर बघू" म्हणतील. सापडला तो टीव्हीवर नाही, घरासमोरच. स्टॉपवरची बाकं काढली होती. नवं छप्पर, नव्या जाहिराती, रात्रंदिवस उजेड, आणि बसायला टेकू नाही. त्यांच्यांचंच काम. एवढ्या मुद्द्यावर पूर्वी आम्ही सबंध चक्कर काढली असती.

रविवारी व्याही आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. सुनेनं त्यांच्या आवडीचं केलं होतं, आणि वाढताना ती दोनदा आत जाऊन डोळे पुसून आली. म्हणजे तिनंही धरलंच होतं की अण्णा चालले. जेवणानंतर त्यांनी टीव्हीकडे बघितलंसुद्धा नाही. "चला," म्हणाले, "शेवटची मारून येऊ."

शेवटची. असा राग आला म्हणता!

गाडीत तोच तारवटलेला ड्रायव्हर होता. आम्हाला बघून त्यानं कपाळाला हात लावला. व्याही त्याला म्हणाले, "काळजी करू नकोस रे. आज तोंड उघडत नाही." आम्ही मागे बसलो. मी माझा मुद्दा काढला, आवाज दाबून.

"बाकं बघितलीत? तुमच्यांनी म्हाताऱ्यांना उभं केलंय."

"हूं."

"हूं काय? बोला की. तुमचे आहेत."

"असतात चुका," व्याही म्हणाले आणि बाहेर बघू लागले.

दवाखाना गेला. कोर्ट गेलं. मी कराचं काढलं, पाण्याचं काढलं, त्या मंत्र्याच्या भाच्याचंही काढलं. हूं, हूं, हूं. पिक्चर ट्यूब जाते तेव्हा चित्र मधे मधे आकसत जातं आणि शेवटी नुसता एक ठिपका राहतो. तसा हा माणूस माझ्या शेजारी बसला होता. मैदानही गेलं. माझे मुद्दे संपले.

पुलाचा चढ लागला.

गाडीनं जरासा घूं केला, एवढाच. पण व्याह्यांचा उजवा पाय खाली गेला. दाबला, धरून ठेवला. त्यांच्या कानात ते जुनं इंजिन अजून चालू असावं, कारण त्यांनी नेहमीसारखं समोर बघितलं आणि नेहमीसारखे त्यांचे ओठ हलायला लागले. फक्त या खेपेला मला ऐकू आलं. मलाच काय, पुढच्या चार सीटना ऐकू आलं.

"पटतं हो मला तुमचं," ते म्हणत होते. "कधीचंच पटतं. डेपोतली आमची ड्रायव्हरांची खोली पाडली त्या दिवशीच मी आमच्यांना सोडलं. मतसुद्धा देत नाही. पण तसं म्हटलं तर तुम्ही कशाला याल गाडीत? मी कशाला येऊ? बरं चाललं होतं. आता ते पण गेलं. चला, जातो."

मी खिडकीकडे तोंड केलं.

पहिल्यांदा मला संतापच आला. इतकी वर्षं घसा फोडून मी ज्या माणसाला पटवत होतो तो आधीच पटलेला! म्हणजे माझे सगळे मुद्दे, सगळी वाक्यं, आठवडाभर बसून काढलेली, सगळी पाण्यात! मी भांडत होतो ते कुणाशी? मग ते सगळे चढ आठवायला लागले. दर रविवारी याच जागी त्यांचे ओठ हलायचे आणि मी हात हलवून "द्या, द्या" म्हणायचो. खोली पाडली ती कधी पाडली, ते मी मनात मोजायला गेलो आणि सोडून दिलं. आणि मग मला खोकल्याचं नाटक करावं लागलं.

चढ संपत आला होता. मला एवढं समजत होतं की मी ऐकलं असं म्हटलं तर सगळं आटोपलं. एकमेकांचं पटलेले दोन म्हातारे बागेत बाकावर बसतात, गुडघ्यांबद्दल बोलतात आणि लवकर घरी जातात. ते काही थांबायचं कारण होऊ शकत नाही. संध्याकाळी फोन येणार होता, आणि पुलावरून आमचा स्टॉप फार लांब नाही.

उतार लागला. व्याह्यांनी पाय उचलला.

"व्याही," मी म्हणालो, "एक सांगू का? ती बाकं काढली ते बरंच केलं."

त्यांनी मान वळवली. "ऑं?"

मी आवाज चढवला. "बाकं! काढली ते बरं केलं! बाक दिलं की लोक बसून राहतात. विचार करून केलंय त्यांनी. मी हल्ली बघतोय, तुमच्या लोकांचं पुष्कळसं बरोबरच असतं."

"आताच तर म्हणालात म्हाताऱ्यांना उभं केलं म्हणून."

"ते तुम्हाला चाचपून बघितलं. मी मत बदललंय. आता तुमचे ते आमचे."

व्याह्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"झकास वाटतंय. या गाड्या बघा. काय सुंदर गाड्या आणल्यात. घाण नाही, आवाज नाही."

"आवाज नाही?" ते म्हणाले. मानेवरची शीर जराशी फुगली. ती शीर मी ओळखतो. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. झाकण काढून हात आत घालायला हवा होता, आणि तार कुठली ते त्यांनीच मला नुकतं सांगितलं होतं. बोलताना माझी जीभ जड झाली, पण बोललो.

"आणि डेपोतली ती तुमची खोली पाडली, ते तर फारच आधी करायला हवं होतं. ड्रायव्हर लोक झोपा काढायचे नुसते."

व्याही उठून उभे राहिले. चालत्या गाडीत.

"झोपा? झोपा काढायचे? पहाटे गाडी काढणारा माणूस दुपारी पाठ टेकणार नाही तर काय तुमच्या दुकानात येऊन टेकणार? चार खाटा होत्या तिथे, चार! पन्नास माणसांना! एक किटली होती, ती आम्ही वर्गणी काढून आणली होती! दोन गाड्यांच्या मधे पाय वर करून बसायला जगात तेवढी एक जागा होती आम्हाला! अहो, तुमची सून जन्मली ना, तिचा निरोप मला त्या खोलीत आला! खाटेवरून उठवून सांगितलं मला, पोरगी झाली म्हणून! तिथे आता गाड्या उभ्या करतात लोक! आणि तुम्ही म्हणता पाडली ते बरं केलं? लाज नाही वाटत?"

सगळी गाडी वळली होती. "ड्रायव्हर, गाडी थांबवा," पुढून कुणीतरी म्हणालं. "मागच्या वेळचेच दोघं दिसतात."

ड्रायव्हरनं आरशातून आमच्याकडे बघितलं. गाडी काही थांबवली नाही.

"बोलू द्या त्यांना," तो म्हणाला. "मी सकाळपासून बसलेलो नाही कुठे या सीटशिवाय. बोला काका."

काका बोलले. बाकांवर बोलले, करावर बोलले, पाण्यावर बोलले. मंत्र्याच्या भाच्यावर तर असे मुद्दे काढले की ते मला कधी सुचले नव्हते. मी मधे मधे "पण विकास बघा ना," एवढं म्हणायचो, आणि ते पुन्हा भडकायचे. आमचा स्टॉप आला तेव्हा त्यांचा शर्ट इस्त्रीचा होता असं कुणी म्हटलं नसतं.

पायरी उतरली. नियमाप्रमाणे विषय संपला. मी म्हणालो, "हवा जरा गार झाली, नाही?"

"हवा गेली खड्ड्यात!" व्याही म्हणाले. इतक्या वर्षांत नियम पहिल्यांदा मोडला, आणि तो त्यांनी मोडला. जिन्यात बोलत राहिले, दारात बोलत राहिले. सून पदराला हात पुसत बाहेर आली. "अण्णा! डब्याचं विसरलात वाटतं?"

"राजकारण नाही गं हे," व्याही म्हणाले. "या माणसाचं डोकं फिरलंय."

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. थोरला. सून तिथेच थांबली. मी माझ्या खोलीच्या दारात उभा राहिलो. चपला काढायच्याही राहिल्या होत्या.

"हां, बोल. हो, सांगतो म्हटलं होतं ना, म्हणून तर सांगतोय," व्याही म्हणाले. ते फोनवरही ओरडूनच बोलतात. "नाही रे, नाही जमायचं. नाही, तब्येत ठीक आहे. माझी ठीक आहे. पण इथे आमचे व्याही बिघडलेत. हो, एकाएकी. चांगला शहाणा माणूस होता. अरे, त्यांना असं सोडून कसा येऊ? दुरुस्त करायला वेळ लागेल. रविवारचं काम वाढलंय बघ माझं."

त्यांनी फोन खिशात टाकला आणि चहाची वाट बघत बसले. मी ऐकलं हे त्यांना कळलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

सून माझ्याजवळ आली. "काय केलंत हो तुम्ही, बाबा?"

"काही नाही. मत बदललं."

"तुम्ही?" ती म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग चहा टाकायला आत गेली. जाताना आपल्या वडिलांच्या विस्कटलेल्या केसांवरून तिनं हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी जुन्या टीव्हीचं झाकण काढलं आणि स्पीकरची तार परत जोडली. आठ चौकटींत आठ जण बोलायला लागले. त्यातले चौघे आमचे, म्हणजे पूर्वीचे तुमचे. ऐकवत नाही हो त्यांचं, कानशिलं तापतात. पण वही काढायची सोय नाही, सून बघेल. म्हणून पुढच्या रविवारपर्यंत मला त्यांची सगळी मतं पाठ करायची आहेत.